भजनावर वाढलेल्या माणसाला मैफलीत झोप का येते?

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे देवगडकडचे, आता ठाण्यात राहतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "मुलगी साडेतीन वर्षांची आहे. दिवसभर मोबाईलवर बालगीतं चालू असतात. माझी आई म्हणते, लहानपणी कानावर पडतं तेच जन्मभर राहतं, तेव्हा आत्तापासून घरात शास्त्रीय लावा. मी स्वतः भजन, दशावतार आणि गणपतीतल्या आरत्यांवर वाढलो. शास्त्रीय मैफलीला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा झोपलो. माझा कान लहानपणीच बिघडला का? आणि मुलीचा बिघडू नये म्हणून काय करू?"

दादा, झोपेचं आधी सोडून द्या. मैफलीत माझे गुरुबंधूही डुलक्या काढतात, फक्त ते डोळे मिटून मान हलवत असल्यामुळे लोकांना ती दाद वाटते.

मी कुडाळजवळ गाणं शिकवते, त्याला सव्वीस वर्षं झाली. त्याआधी आजोबांच्या भजनात झांज वाजवायचे. मुलीने भजनाला बसायची तेव्हा आमच्या वाडीत पद्धत नव्हती, पण आजोबांपुढे बोलणार कोण? त्यामुळे तुमचं बालपण मला ऐकूनच माहीत आहे असं नाही. एक गोष्ट मात्र आधीच कबूल करते. माझ्याकडे येतात ती गाणं शिकायची हौस असलेली मुलं आणि माणसं. भजनाच्या घरात वाढून ज्यांना गाण्याचं काहीच वाटलं नाही, ते माझ्या दारात येतच नाहीत. आमच्याच घरात माझा सख्खा भाऊ आजोबांच्या पेटीशेजारी, म्हणजे हार्मोनियमशेजारी झोपून मोठा झाला. त्याला आजही आरतीपलीकडे गाण्याशी देणंघेणं नाही. तेव्हा मी सांगते ते माझ्या अनुभवाच्या चौकटीतलं समजा.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत, कान आणि आवड. पुढचा ठोका कुठे पडेल, सूर कुठे जाऊन थांबेल, आवाज केवढा मोकळा असायला हवा, याची आतून जी अपेक्षा असते तिला मी कान म्हणते. रिकाम्या वेळी तुम्ही आपणहून जे लावता ती आवड. कान फार लवकर घडायला लागतो आणि आवड पुढे कितीतरी वर्षं घडत-मोडत राहते. तुमच्या आईंचं म्हणणं कानाच्या बाबतीत बरंचसं खरं आहे. आवडीच्या बाबतीत अर्धंच.

कानाचं आधी घेऊ. गर्भातल्या बाळाला सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाहेरचे आवाज पोचतात, त्यातही खालच्या पट्टीतले जास्त, म्हणजे ढोलाचा घुमारा आणि आईचा स्वतःचा आवाज. जन्मल्यावर पहिल्या वर्षात काय होतं याचा एक सुंदर प्रयोग एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. सात मात्रांच्या, आपल्या रूपक तालासारख्या विषम लयी बाल्कन देशांतल्या लोकसंगीतात सर्रास असतात. अशा लयीत मुद्दाम चूक केली, तर उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना ती कळायची, पण तिथल्याच मोठ्या माणसांना कळत नव्हती. बारा महिन्यांची होईपर्यंत बाळंही मोठ्यांसारखी झालेली असायची. मात्र त्या वयाच्या बाळांना दोन आठवडे रोज थोडा वेळ ते संगीत ऐकवलं, की त्यांचा कान पुन्हा उघडायचा. मोठ्यांना तेवढंच ऐकवून तसा फरक पडला नाही.

वर्गात मी याची दुसरी बाजू बघते. रत्नागिरीकडून एक मुलगा यायचा. त्याच्या घरात तीन पिढ्या जाखडीच्या. गौरी-गणपतीत पायात चाळ बांधून रिंगणात नाचणारं घर. रूपक शिकवताना इतर मुलं बोटं मोजत बसली होती आणि याने दुसऱ्या आवर्तनाला, म्हणजे तालाच्या दुसऱ्या फेरीला, न मोजता सम, म्हणजे फेरीची पहिली मात्रा, पकडली. "कसं केलंस?" विचारलं तर म्हणाला, "पाय आपोआप तिकडे जातो." पुस्तकातला रूपक त्याला कुणी शिकवला नव्हता. वळण घेणाऱ्या, मध्येच अडखळून पुढे जाणाऱ्या चाली मात्र त्याच्या अंगात आधीपासून होत्या. याउलट, ज्यांच्या घरी फक्त रेकॉर्ड केलेली गाणी वाजत आली, अशी मुलं माझ्याकडे शंभर गाणी पाठ घेऊन येतात. मधल्या म्युझिकसकट म्हणून दाखवतात. तबल्याचा नुसता ठेका लावला, की कुठून उचलायचं ते त्यांना कळत नाही. गाणं त्यांनी खूप ऐकलंय, पण त्यात कधी उतरलेली नसतात.

आता तुमच्या झोपेचं कारण. भजनी ठेका आठ मात्रांचा. बुवा रंगात आले की चार-पाच सेकंदांत एकदा सम येते, गजराला त्याहून लवकर. झांजा प्रत्येक ठोका अधोरेखित करतात. तुमचा कान लहानपणापासून या अंतरावर बेतलेला आहे. मैफलीत मोठा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं मुख्य गाणं, सुरू होतो तो बहुधा विलंबित (संथ) एकतालात. मात्रा बाराच, पण काही गायक तो इतका संथ घेतात, की एक आवर्तन पाऊण मिनिट, कधी पूर्ण मिनिटही चालतं. तुमचा कान चार सेकंदांनी समेची वाट बघतो, ती येत नाही. आठ सेकंदांनी पुन्हा बघतो. विसाव्या सेकंदाला तो नाद सोडतो आणि मग झोपेला कोण अडवणार! शिवाय आवाजाचा पोत वेगळा. आपले बुवा काळी चार-काळी पाचच्या उंच पट्टीत छातीतून गातात, कारण मांडवातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं असतं. माझ्या शेजारच्या काकू एका नावाजलेल्या गायकाचं ध्वनिमुद्रण ऐकून म्हणाल्या होत्या, "ह्यांका बरा नाय काय?" त्यांच्या कानाला मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला मऊ आवाज आजारी वाटला. यात बिघाड कसला? एका कामासाठी नीट तयार झालेला कान दुसऱ्या कामाला बसवलाय, एवढंच.

असा कान मोठेपणी वळवता येतो का? येतो, पण बाळासारखा दोन आठवड्यांत नाही आणि सगळाच्या सगळा तर नाहीच. यासाठी गांधाराची, म्हणजे सारेगमतल्या 'ग'ची गोष्ट सांगते, कारण ती माझी स्वतःची आहे. मी पेटीवर वाढले. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला लांब ठेवलं होतं, पण वाड्यावाड्यांतल्या भजनाला त्याचं काय सोयरसुतक? पेटीच्या पट्ट्या सगळ्या समान अंतराने लावलेल्या असतात. त्यामुळे तिचा शुद्ध गांधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. फरक एवढासाच. मी गाणं शिकायला गेले तेव्हा गुरुजी यमन शिकवताना पुन्हापुन्हा म्हणायचे, "गांधार खाली घे." मला तर माझा गांधार अगदी बरोबर वाटत होता आणि त्यांचाच उतरलेला. दोन वर्षं मी मनातून त्यांना चुकीचं ठरवत होते! मग एका पावसाळ्यात वीज गेली होती, पेटी दमटपणाने बसली होती, म्हणून तीन-चार दिवस नुसत्या तानपुऱ्यावर बसले. चौथ्या दिवशी तानपुऱ्यातला गांधार पहिल्यांदा वेगळा ऐकू आला. आता मी तो लावते. पण आजही भजनाला बसले की गळा पेटीचाच गांधार लावतो, मला विचारतसुद्धा नाही. पहिला कान पुसला गेला नाही, त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसला.

तुम्हाला करायचं असेल तर माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त काकांचा मार्ग सांगते. तेही असेच भजनातले. मी त्यांना विलंबित ऐकवलंच नाही. नाट्यपदांपासून सुरुवात केली, कारण नाट्यपदात राग असतो, पण शब्द आणि ठेका आपल्या ओळखीच्या चालीने येतात. आणि ती परंपरा आपल्या किनाऱ्याचीच आहे. नाट्यपदं गाजवणारे मास्टर दीनानाथ गोव्यातल्या मंगेशीचे, अभिषेकीबुवाही मंगेशीचे. दशावतारात रात्री तीन वाजता राजा जे पद म्हणतो, त्याची नाळही कितीदा तरी तिकडेच जुळलेली असते. तुमच्या बुवांनी भूप, मालकंस, भीमपलास यांच्या चाली शेकडो वेळा म्हटल्या असतील, शेवटी भैरवी तर ठरलेली. म्हणजे रागांचे चेहरे तुमच्या ओळखीचे आहेत, नावं तेवढी कुणी सांगितली नाहीत. काकांना नाट्यपदांनंतर मध्यलयीतल्या बंदिशी दिल्या, बोटांवर मात्रा मोजत ऐकायला लावल्या. वर्षभराने ते एकदा विलंबित एकताल पूर्ण जागे राहून ऐकून आले. "आवडला का?" विचारलं. म्हणाले, "कळला. आवडायचं बघू पुढे." तुमच्याकडून मीही तेवढीच अपेक्षा ठेवीन.

आता मुलगी. तुमच्या आईंचा उपाय, म्हणजे घरात शास्त्रीय लावून ठेवणं, मला फारसा उपयोगाचा वाटत नाही, आणि मोबाईलवरच्या बालगीतांबद्दलची माझी तक्रारही तीच आहे. दोन्हीकडे गाणारं माणूस समोर नसतं. सॅम्युएल मेहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पाच महिन्यांच्या बाळांवरचा एक प्रयोग मांडला. एक नवीन गाणं काही बाळांना आई किंवा वडील गाऊन दाखवायचे, काहींना ते खेळण्यातून ऐकू यायचं, काहींना व्हिडिओवरून एक प्रेमळ पण अनोळखी व्यक्ती ऐकवायची. नंतर दोन परक्या माणसांपैकी एकाने ते ओळखीचं गाणं म्हटलं. ज्या बाळांनी ते आईवडिलांकडून ऐकलं होतं, ती ते गाणाऱ्या परक्याकडे जास्त वेळ बघत राहिली. खेळण्यातून किंवा व्हिडिओवरून ऐकलेल्यांत हे दिसलं नाही. गाणं आपल्या माणसाच्या तोंडून आलं, की बाळाच्या लेखी गाणाराही आपला होतो, असा मी त्याचा अर्थ लावते.

मला हे पटायला प्रयोगाची गरज नव्हती. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. तिचा आवाज काही गोड वगैरे नव्हता, जात्याच्या घरघरीवर चढून यावा लागायचा. मी तिच्या मांडीला टेकून बसायचे, तेव्हा ओवी कानाआधी पाठीतून ऐकू यायची. मी मध्येच बडबडले की म्हणायची, "गे चेडवा, आधी टाळी धर, मगे गा." आज विद्यार्थ्यांना मी नेमकं हेच सांगते, फक्त प्रमाण भाषेत.

तेव्हा तुमच्या आईंना सांगा, लावू नका, म्हणा. त्यांना येत असतील त्या ओव्या, गौरीची गाणी, फुगडीची गाणी, आरत्या. बेसूर असल्या तरी चालतील. मुलगी साडेतीनची आहे, म्हणजे टाळी धरण्याच्या आणि तीच ओळ वीस वेळा म्हणायला लावण्याच्या नेमक्या वयात आहे. मोबाईल एकदम बंद करा असं मी म्हणत नाही, घरी लहान मूल असताना स्वयंपाक कसा करायचा असतो ते मला माहीत आहे. पण मोबाईलवर लागलेलं गाणं संध्याकाळी तुम्ही तिच्याबरोबर एकदा तोंडाने म्हणा. म्हणजे ते पडद्यातून घरात येईल.

आणि सक्ती नको. याबाबतीत माझी चूक सांगते. माझ्या मुलाला मी पहाटे पाचला उठवून तानपुऱ्यासमोर बसवायचे. सहा वर्षं बसवलं. सूर पक्का झाला, कान तयार झाला, आणि दहावीनंतर तो जो उठला तो आजपर्यंत परत बसलेला नाही. तानपुऱ्याचा आवाज आला की त्याला अजून झोपमोड आठवते, असं तो हसत सांगतो. मला हसू येत नाही. याच मुलाला भजनाला बस असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. तो आता पुण्याला नोकरी करतो, हेडफोनवर काय काय ऐकतो ते मला समजतही नाही. गणपतीला घरी आला की बॅग ठेवायच्या आधी ओरडतो, "आये, माझी झांज खंय ठेवलंस?"

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: कान पहिल्या काही वर्षांत घडतो, जवळच्या माणसांच्या तोंडून आणि हातातून चांगला घडतो, मोठेपणी पुसता येत नाही पण त्यात भर घालता येते. त्याला धाक चिकटला तर कान तयार होऊनही आवड मरते.

आवडीची खरी गडबड पुढे होते, बारा-तेरा ते वीस-बावीसच्या दरम्यान. त्या वयात मित्रमैत्रिणींबरोबर जे ऐकलं, त्याची पकड जबर असते. मी स्वतः चौदाव्या वर्षी भजनाची लाज बाळगायला लागले होते. मुंबईहून चाकरमानी मामा कॅसेट आणायचे, त्या हिंदी गाण्यांपुढे आजोबांची पेटी गावंढळ वाटायची. चार-पाच वर्षं झांजेला हात लावला नाही. तुमची मुलगीही कधीतरी तुम्हाला असंच टाकून देणार, त्याची तयारी ठेवा आणि तेव्हा वाद घालू नका.

पण त्यातही एक गंमत आहे. कॅरल क्रम्हान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या विशीतल्या मुलांना जुन्या गाण्यांबद्दल विचारलं. अपेक्षेप्रमाणे स्वतःच्या काळातली गाणी त्यांना जवळची वाटली. त्याशिवाय आई-वडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांशीही त्यांचं नातं दिसलं, आणि त्याहून मागच्या १९६० च्या दशकातल्या गाण्यांशीही. म्हणजे आईवडील स्वतःच्या आवडीने जे ऐकतात ते मुलांमध्ये झिरपतं. म्हणून मुलीसाठी म्हणून तुम्ही नको असलेला ख्याल लावून सोफ्यावर डुलक्या घेणं हा सगळ्यात वाईट मार्ग. तिला त्यातून एकच कळेल, की हे झोपायचं गाणं आहे. तुम्हाला खरोखर भजन आवडतं ना? मग रविवारी सकाळी मोठ्याने भजन लावा, टेबलावर ठेका धरा, चुकीचे शब्द म्हणा. तिला तुमचा चेहरा दिसू दे.

बाकी पुष्कळ गोष्टी परिस्थितीवर आहेत. मुलीचा पिंड कसा, घरात दुसरं कोण गातं, तिला ऐकू नीट येतं ना, ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे कधी पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं. माझ्याकडे अशा दोन मुली 'बेसूर' म्हणून आल्या होत्या. कानाच्या डॉक्टरांकडे उपचार झाल्यावर त्यातली एक आता भावगीतं सुरेख गाते. दुसरी अजूनही सुराशी भांडते. म्हणजे कारण एकच होतं असंही नाही.

या वर्षी गणपतीला गावी याच. दीड दिवसासाठी धावत येऊ नका, निदान पाच दिवस राहा. रोज दहा घरांच्या आरत्या फिरा. तिच्या हातात छोटी झांजेची जोडी द्या आणि चुकीची वाजवली तरी काढून घेऊ नका. ताशाच्या आणि लाऊडस्पीकरच्या अगदी पुढ्यात मात्र तिला उभं करू नका, साडेतीन वर्षांच्या कानाला तो आवाज झेपत नाही. पखवाजवाल्याच्या डाव्या बाजूला, धुम्याकडे, म्हणजे घुमणाऱ्या खालच्या आवाजाच्या तोंडाकडे बसवा. तिथे मुलं शांत बसतात. आमच्या वाडीत तरी तान्ह्या पोरांना आम्ही तिथेच टाकायचो.